पडलेल्या डावाची कैफियत

पत्ते हातात घेतलेला मनुष्य जुगारीच असला पाहिजे, ही समजूत आमच्या गोदातीरावर अजून पुरती मावळलेली नाही; परंतु तिच्याशी वाद घालण्याचे मला आता प्रयोजन वाटत नाही, कारण तो वाद न्यायासनापुढे केव्हाच निकालात निघाला आहे. ज्या मताचा प्रतिवाद करण्यासाठी मी लेखणी उचलली ते मत त्याहून पुष्कळ सुशिक्षित, पुष्कळ आकर्षक आणि म्हणूनच पुष्कळ घातक आहे. नांदेडच्या कचेरीत वकिलीच्या पेशात उभी हयात घालविलेले माझे एक स्नेही कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हौसेने आणि बऱ्यापैकी खेळतात. हे मत ते भर बैठकीत नेहमी मांडतात, आणि एकदा जाहीर व्याख्यानातही त्यांनी ते मांडले. ब्रिज हा बुद्धीचा खेळ आहे हे त्यांना मान्य आहे. मात्र बुद्धीचे माप निकालाखेरीज दुसऱ्या कशाने घ्यावयाचे, असा त्यांचा सवाल आहे. ज्याची बोली पुरी झाली त्याचा निर्णय बरोबर, ज्याची बुडाली त्याचा चूक. आणि टक्केवारीचे जे हिशेब पुस्तकांतून सांगितले जातात ते म्हणजे हरलेल्या माणसाने स्वतःच स्वतःला लिहून दिलेला चारित्र्याचा दाखला, असे ते हसत हसत म्हणतात, आणि बैठकीतली मंडळीही हसतात. मी हसत नाही, म्हणून मला रसिकता नाही असा एक पोटआरोपही माझ्यावर आहे. तो मी तूर्त तसाच राहू देतो.

वकीलसाहेबांची भिस्त ज्या निवाड्यावर आहे तो मुळात सांगितला पाहिजे, कारण त्याचे मूळ आपल्याच जुन्या मुलखात आहे. निजामाच्या अमदानीत फसली सन १३०५ मध्ये, म्हणजे इसवी सन १८९५-९६ च्या सुमारास, हैदराबाद संस्थानात जुगारबंदीचा कायदा झाला, आणि नांदेड काय, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर काय, सगळा मराठवाडा त्या कायद्याच्या अंमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण मुंबई राज्यात आलो, तरी तेलंगणात तो कायदा चालूच राहिला, आणि त्याच कायद्याखाली मे १९६३ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबावर पोलिसांनी छापा घालून रमी खेळणाऱ्या सभासदांवर खटला भरला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सरकार अपिलात गेले, आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे एके काळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, ही गोष्ट मला उगाचच सुखावते. त्या निवाड्याचा आशय असा, की रमीत पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान राखावे व कोणते टाकावे हे ठरवावे लागते, सबब तो प्राधान्याने कौशल्याचा खेळ होय. तीनपत्तीसारख्या खेळाची गोष्ट वेगळी. आणि रमीत जो दैवाचा अंश आहे तो ब्रिजच्या वाटपात असतो त्याच जातीचा आहे.

येथेच माझे स्नेही आपला मुद्दा उभा करतात. न्यायालयानेच ब्रिजमध्ये दैव आहे असे म्हटले. मग दैवावर मात करतो तोच कुशल, आणि मात झाली की नाही हे निकालच सांगणार! या युक्तिवादात वकिली आहे, इन्साफ नाही. न्यायालयापुढे प्रश्न होता तो खेळाच्या जातीचा. एखाद्या खेळाडूच्या एखाद्या निर्णयाचा नव्हे. पाने पिसली व वाटली जातात, म्हणून ती कशी पडतील हे कोणाच्या हाती नाही, एवढेच न्यायालय सांगते. त्यावरून दैवावर मात करणे हेच कौशल्य असे कोठेही निष्पन्न होत नाही. उलट मी असे म्हणतो की दैवावर मात करता येतच नाही. चार गड्यांपैकी कोणीही इस्पिकची राणी पूर्वेकडून उचलून पश्चिमेच्या हातात ठेवू शकत नाही; ती कोठे असण्याचा संभव किती, आणि त्या संभवावर किती गुण लावणे परवडेल, एवढाच प्रश्न खेळाडूच्या अखत्यारीतला आहे. स्पर्धांतल्या डुप्लिकेट पद्धतीत तीच पाने दोन्ही टेबलांवर खेळली जातात, त्यामुळे एकाला एक्के-राजे व दुसऱ्याला दुऱ्या-तिऱ्या ही तक्रार मिटते खरी. परंतु प्रतिपक्षाची पाने झाकलेलीच राहतात, आणि ती झाकलेली आहेत तोवर बरोबर निर्णय घेऊनही बुडण्याचा दरवाजा उघडा राहतो. हा दरवाजा बंद करावयाचा असेल तर चारही हात उघडे मांडून खेळावे लागेल, आणि मग ब्रिज नव्हे, बुद्धिबळाचा एखादा गरीब नातेवाईक शिल्लक राहील.

ब्रिजच्या बोलीकडे मुळात किंमत ठरविण्याचा व्यवहार म्हणून पाहिले पाहिजे, आणि हे कोणी मागाहून लावलेले तत्त्वज्ञान नाही; खेळाच्या जन्मकुंडलीतच ते लिहिले आहे. पूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली कमी केली आणि हात जास्त झाले तरी ते सारे गेमच्या हिशेबात धरले जात, त्यामुळे धाडसाला मोल नव्हते. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्यातून चाललेल्या आगबोटीवर सोबत्यांबरोबर खेळताना गुणांची जी नवी पद्धत बसविली, तिचे मर्म एवढेच की जेवढे हात बोलाल तेवढेच गेममध्ये धरले जातील, गेम व स्लॅम बोलून पुरे केल्यास भरघोस बक्षीस मिळेल, आणि बोली बुडाली तर दंड बसेल, तोही व्हल्नरेबल असताना अधिक. त्या दिवसापासून बोलणे म्हणजे ‘किती हात होतील’ याचे भविष्य वर्तविणे राहिले नाही. होण्याचा संभव, झाल्यास लाभ आणि न झाल्यास तोटा या तिन्हींचा ताळेबंद मांडणे हाच बोलीचा अर्थ झाला.

तो ताळेबंद एकदा रोकडा मांडून पाहू. संघांचा सामना आहे, आपण व्हल्नरेबल आहोत, आणि इस्पिकच्या हुकमात भिडूने तीनवर आणून सोडले आहे; चार बोलावे की थांबावे? चार बोलून दहा हात झाले तर ६२० गुण, न बोलता तेवढेच हात झाले तर १७०. फरक ४५०, आणि सामन्याच्या कोष्टकात त्याचे १० आयएमपी, म्हणजे सामन्याचे गुण. चार बोलून नऊच हात झाले तर १०० चा दंड, आणि थांबलो असतो तर १४० ची मिळकत. फरक २४०, त्याचे ६ आयएमपी. म्हणजे १० मिळविण्यासाठी ६ पणाला लावावयाचे. असे दहा डाव धरा, आणि त्यांत गेम चारदाच होतो व सहादा पडतो असेही धरा. चार डावांचे चाळीस जमा, सहा डावांचे छत्तीस खर्च, शिल्लक चार. जो गेम होण्यापेक्षा पडण्याचाच संभव जास्त तो बोलणे बरोबर, आणि तो न बोलणे ही चूक! शंभरात साडेसदतीस इतका संभव असला की बोली परवडते. व्हल्नरेबल नसलो तर पंचेचाळीसच्या आसपास लागतो. आणि हाच डाव जोड्यांच्या स्पर्धेत पडला, जेथे फरक केवढा याला किंमत नसून कोणापेक्षा वरचढ एवढेच मोजतात, तर तीच पाने, तोच भिडू, तोच संभव असूनही निम्म्याखालच्या गेमपासून दूर राहणे शहाणपणाचे ठरते.

आता माझ्या स्नेह्यांची कसोटी या हिशेबाला लावून पाहावी. चाळीस टक्क्यांचा गेम नियमाने बोलणारा खेळाडू त्यांच्या बैठकीत बसला तर दहापैकी सहा वेळा त्याला ‘काय हे, इतके बोलतात का?’ असे ऐकावे लागेल, आणि या सहाही वेळा ऐकविणारा चुकलेला व ऐकणारा बरोबर असेल. उलट भित्रेपणाने तीनवर थांबणारा दहापैकी सहा वेळा ‘वा, नेमके थांबलात’ अशी शाबासकी घेऊन घरी जाईल, आणि वर्षअखेर आपण स्पर्धा का हरलो याचा विचार करीत बसेल. ज्या कसोटीवर खरे नाणे बहुधा खोटे आणि खोटे बहुधा खरे ठरते, तिला कसोटी म्हणण्याचा हट्ट वकीलसाहेबांनी धरावा याचे मला नवल वाटते. कारण साक्षीदार प्रामाणिक असूनही फिर्याद फेटाळली जाते, हे त्यांनी स्वतःच्या कारकिर्दीत कितीदा तरी पाहिले असेल.

यावर त्यांचे उत्तर तयार आहे. बोलीचे असेल तसे, पण प्रत्यक्ष खेळताना टक्केवारी घोकणारा मनुष्य समोरचे टेबल पाहत नाही, असे ते म्हणतात, आणि उदाहरणादाखल आमच्याच बैठकीतला एक डाव सांगतात. सहा इस्पिकची बोली. डिक्लेअररच्या हातात एक्क्यासह पाच इस्पिक, डमीत राजा-गुलामासह चार. बाहेर चार पाने, त्यांत राणी. किलवरचा एक्का बाहेर असल्याने तो हात जाणारच, म्हणून हुकमात हात गमावून चालत नव्हते. डिक्लेअररने एक्का खेळला, दोघांनीही बारीक पाने टाकली. मग तो डमीकडे बारीक इस्पिक उतरला, डावीकडच्याने पुन्हा बारीक पान टाकले. आता बाहेर राहिली एकटी राणी. डमीतून राजा लावावा की गुलाम घालून फिनेस घ्यावी? ‘एट एव्हर, नाइन नेव्हर’ ही संथा सर्वांनाच पाठ आहे: दोन्ही हात मिळून नऊ पाने असली तर राणीसाठी फिनेस घेऊ नये, वरून दोन पाने मारावीत. डिक्लेअररने फिनेस घेतली, उजवीकडच्या गड्याने राणी मारली आणि स्लॅम बुडाला. ‘पुस्तक पाळले असते तरी वाचला असता, टेबल पाहिले असते तरी वाचला असता, याने दोन्ही केले नाही,’ असा वकीलसाहेबांचा निकाल.

या डावाचे दप्तर अर्धेच वाचले गेले आहे. पहिली बोली उजवीकडच्या गड्याची होती, आणि ती होती तीन बदाम, म्हणजे शिरस्त्याप्रमाणे सात बदाम. डिक्लेअरर व डमी यांच्याजवळ मिळून चार बदाम होते. तेव्हा डावीकडच्याजवळ दोनच उरले. आता मोजा. उजवीकडच्याच्या तेरा पानांपैकी सात बदाम व एक इस्पिक यांचा पत्ता लागला. राणीला बसावयास त्याच्याकडे पाच जागा. डावीकडच्याची दोन बदाम व दोन इस्पिक गेली. त्याच्याकडे नऊ जागा. राणी डावीकडे असण्याचा संभव पाचास नऊ, म्हणजे शंभरात चौसष्ट. ती तीन बदामांची बोली झालीच नसती तर डावीकडे अकरा आणि उजवीकडे बारा जागा राहिल्या असत्या, राजा लावणे बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस अशा निसटत्या फरकाने बरोबर ठरले असते, आणि ती संथा याच निसटत्या फरकावर उभी आहे. ज्याने फिनेस घेतली त्याने टेबल पाहिले, पुस्तकाचा शब्द सोडून त्याचे कारण पाळले, आणि छत्तीस टक्क्यांचा फासा त्याच्या विरुद्ध पडला. त्याला दोष देणारे मात्र राणी पाहून झाल्यावर ती कोठे होती हे सांगत होते; आणि एवढी विद्वत्ता तर डमीलाही असते.

गणित हे टेबलावरच्या माणसापासून तोडते, हा समजही मला मुळातच उलटा वाटतो. याहून सूक्ष्म उदाहरण घ्या. नऊच पाने आहेत, पण या वेळी बाहेरच्या चारांत राणी आणि गुलाम दोन्ही आहेत. एक्का खेळल्यावर उजवीकडून राणी पडली. त्याच्याजवळ राणी एकटी होती, की राणी-गुलाम दोन्ही असून त्याने राणी टाकली? वरवर पाहता दोन्ही शक्यता जवळजवळ सारख्याच वजनाच्या दिसतात. परंतु राणी-गुलाम दोन्ही असते तर ज्या अर्थी त्याला दोन्ही सारखेच होते, त्या अर्थी निम्म्या वेळा त्याने गुलाम टाकला असता. एकटी राणी असती तर मात्र तिच्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. म्हणून एकट्या राणीचा संभव जवळजवळ दुप्पट, आणि पुढल्या फेरीला डावीकडच्या गुलामासाठी फिनेस घेणे रास्त. इंग्रजीत ‘रिस्ट्रिक्टेड चॉइस’ म्हणून प्रसिद्ध असलेला हा सिद्धान्त टेरेन्स रीस या इंग्रज खेळाडूने १९५८ च्या आपल्या ग्रंथात लोकांपुढे ठेवला. ज्याला यात मनुष्यस्वभाव दिसत नाही, निरुपाय आणि मोकळीक यांतला भेद जो पडलेल्या एका पानावरून ओळखीत नाही, त्याने समोरच्याच्या चेहऱ्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी त्याला टेबल वाचता येते असे मी म्हणणार नाही. (प्रतिपक्षाचा चेहरा आपल्या जबाबदारीवर वाचण्यास नियमांची हरकत नाही, भिडूच्या रेंगाळण्यावरून अर्थ काढण्यास मात्र सक्त मनाई आहे, आणि आमच्या बैठकीत नेमका दुसराच अर्थ सर्रास काढला जातो, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.)

संभवाच्या हिशेबाची ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. वनपर्वातल्या नलोपाख्यानात राज्य गमावलेला नळ ऋतुपर्णाचा सारथी होऊन रथ हाकीत असताना ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या वृक्षाची पाने व फळे किती हे न मोजता सांगतो, नळ झाड तोडून फळे मोजून पाहतो, हिशेब तंतोतंत निघतो, आणि मग त्या अक्षविद्येच्या मोबदल्यात नळ त्याला अश्वविद्या देतो. द्यूताचे हृदय म्हणून ऋतुपर्णाने जे शिकविले ते संख्येचे ज्ञान होते. एखादा मंत्र, शकुन वा ग्रहबल नव्हे. आमच्याकडे शकुनीचे फासे सर्वांच्या तोंडी आहेत, ऋतुपर्णाचा बेहडा मात्र कोणाच्या स्मरणात नाही.

ही निकालपूजा पत्त्यांपुरती असती तर मी एवढी शाई खर्च केली नसती. लातूरच्या बाजूला मृगात पाऊस लागतो, शेतकरी पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल झाल्यावर, कृषिखात्याच्या सल्ल्याबरहुकूम, सोयाबीन पेरतो, आणि पुढे पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीची पाळी येते. तेव्हा पारावर बसलेली मंडळी ‘घाई केली’ म्हणतात, आणि शेजारच्याने कोरड्या वाफ्यात नुसत्या भरवशावर बी टाकलेले असून अवचित सर पडली तर त्याला ‘जाणता’ म्हणतात. ओल पाहून पेरणारा आणि न पाहता पेरणारा यांच्यातला फरक उगवणीवरून ठरविणारे हेच लोक संध्याकाळी पत्त्यांना बसले म्हणजे दुसरी कोणती बुद्धी घेऊन बसणार?

वकीलसाहेबांचा शेवटचा गड मात्र खरोखर मजबूत आहे, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, एका डावाचे राहू द्या. पुष्कळ डावांनंतर तरी निकालच बोलतो की नाही? बोलतो, बेलाशक बोलतो. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, जेथे ब्रिजला प्रथमच पदकाचा मान मिळाला, साठीतले प्रणव बर्धन आणि छपन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोड्यांत सुवर्णपदक मिळविले, आणि भारताला पुरुष-संघ व मिश्र-संघ यांची कांस्यपदकेही मिळाली; हे सुवर्ण कोणा एका भाग्यवान फिनेसीचे नव्हे, अनेक दिवसांच्या अनेक डावांची ती बेरीज होती. परंतु दीर्घकालीन निकाल हे अनेक निर्णयांच्या गुणवत्तेचे प्रमाण होय, असे म्हणताच एकेका निर्णयाला स्वतःची, निकालाहून वेगळी, गुणवत्ता असते हे माझ्या स्नेह्यांनी कबूल केलेच. नाही तर ती दीर्घकाळात साठणार कशी? शिवाय एका खेळाडूच्या वाट्याला येणारे तेरा पानांचे हात ६३५ अब्जांहून अधिक तऱ्हेचे असू शकतात. तोच हात पुन्हा येईल आणि मागचा निकाल उपयोगी पडेल अशी आशा बाळगून बसणाऱ्याने अनेक जन्मांची तजवीज करून ठेवावी. पुन्हा येतो तो निर्णयाचा प्रकार, आणि तो शिकावयाचा तर निकालाच्या आधीच्या क्षणी जाऊन, त्या वेळी काय ठाऊक होते, काय ठाऊक करून घेता आले असते, आणि किती पणाला लागले होते, हेच तपासले पाहिजे.

निकालावरून झाडाझडती घेण्याची ही रीत भिडूलाही बिघडविते, आणि तेच मला सर्वांत जास्त खटकते. योग्य बोली बोलून, पडून, दहा जणांदेखत बोलणी खाल्लेला नवा खेळाडू पुढच्या वेळी चाळीस टक्क्यांच्या गेमवर येऊन पास म्हणतो. त्याला भीती असते ती भिडूची. दंड तो सहज सोसतो. अशा रीतीने तयार झालेल्या जोड्या मी पाहिल्या आहेत: घरच्या बैठकीत अजिंक्य, आणि औरंगाबाद-पुण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीपासून मागे. त्यांना हरविणारे त्यांच्यापेक्षा जास्त वेळा बुडाले होते, हे त्यांना गुणपत्रिका पाहूनही उमगत नाही.

व्याख्यानात वकीलसाहेबांनी आपल्या मताचा कळसाचा पुरावा म्हणून जो डाव सांगितला तोही तपासून हा विषय मी हातावेगळा करतो. संघांच्या सामन्यात ते स्वतः सहा बिनहुकमी बोलले. हात झाले बारा, कारण बदामाचा राजा आणि चौकटीचा राजा दोन्ही फिनेसीत बरोबर सापडले; सभेने टाळ्या दिल्या. असा स्लॅम झाला तर जितके मिळते जवळजवळ तितकेच तो पडल्यास जाते: व्हल्नरेबल असताना १४४० विरुद्ध ६९० असा एकीकडे ७५० चा लाभ, आणि दुसरीकडे ६६० सोडून १०० चा दंड, म्हणजे ७६० चा तोटा, दोन्हींचे तेरा-तेरा आयएमपी. तेव्हा तो बोलावयास रुपयात निदान आठ आणे तरी संभव हवा. दोन फिनेसी, दोन्ही साधाव्या लागणाऱ्या, प्रत्येक निम्म्या संभवाची: एकंदर चार आणे. बोलीत प्रतिपक्षाने एकही शब्द उच्चारला नव्हता, तेव्हा त्या चारांचे आठ करणारा पुरावाही कोठून आलेला नव्हता. त्या दिवशी टेबलावरच्या दोघा प्रतिपक्षीयांनी त्यांचे अभिनंदन केले. मी तिसरा होतो, त्यांचा भिडू; मी माझी पाने गोळा करून जागच्या जागी ठेवली, आणि ते अभिनंदन माझ्याकडून आजही बाकीच आहे.